शिवळ नसलेली गाडी

मामांनी गाडी उजेडाकडे धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "पोरी, तुझे बैल तर पळून गेले."

बैल जागेवर होते. ज्वारीच्या ताटातल्या भेंडाचे, म्हणजे आतल्या पांढऱ्या गराचे, दोन-दोन बोटं उंचीचे, बाभळीच्या काट्यांची शिंगं खोचलेले. जूही मानेवर नीट बसलं होतं. मला काही उमगेना. मामांनी करंगळीचं नख जुवाच्या टोकाशी टेकवलं. "इथं शिवळ कुठंय? शिवळ नसली तर बैल मान आडवी काढतो अन् चालायला लागतो. गाडी ऱ्हाती तिथंच."

शिवळ. हा शब्द शेवटचा कधी ऐकला होता ते आठवेना, पण कानावर पडताक्षणी आजोळच्या गोठ्याची भिंत डोळ्यांसमोर आली. खुंटीला टांगलेली जोती, कोपऱ्यात उभं केलेलं जू, आणि त्याच्या भोकांतून खाली आलेल्या, हाताळून गुळगुळीत झालेल्या काळ्या दांडक्या. त्याच शिवळा. जुंपताना बैलाची मान शिवळेच्या आत घ्यायची, जोतं गळ्याखालून आणायचं आणि शिवळेला अडकवायचं. आम्ही पोरं त्या शिवळा काढून विटीदांडू खेळायचो आणि आजोबांचा मार खायचो. म्हणजे सगळं मला ठाऊक होतं. तरी तोवर मी केलेल्या एकाही गाडीच्या जुवाला शिवळ नव्हती.

मी नाशिकला पाथर्डी फाट्याला राहते. गच्चीवर गेलं की पांडवलेण्यांचा डोंगर समोर दिसतो. आठवडाभर हिशेबाची नोकरी, आणि सुटीच्या दिवशी गच्चीच्या कोपऱ्यातल्या टेबलावर हातकाम. ज्वारीच्या ताटाच्या बैलगाड्या, नांगर, तिफण, मोट. मधूनमधून जुन्या लुगड्यांची गोधडी, थोडं बांबूचं. पण जीव रमतो तो ताटातच. आजोळ सिन्नरच्या पूर्वेला, वावीच्या पुढे. पाऊस तिथवर येईपर्यंत दमलेला असतो. इगतपुरीला छपरं गळत असतात तेव्हा आमच्याकडे माणसं आभाळाकडे बघत असतात. म्हणून तिथं बाजरी आणि रब्बीची ज्वारी. लहानपणी माझ्या खेळण्यांचं दुकान म्हणजे कडब्याची गंजी.

ताट निवडणं हेच अर्धं काम. बुडाकडचं जाड पण गाठाळ, शेंड्याकडचं बारीक. मधली तीन-चार पेरं खरी कामाची. पेर दोन्ही गाठींच्या आतून कापायचं. मग साल सोलायची. लहानपणी आम्ही दातांनी सोलायचो आणि ओठांच्या कोपऱ्याला चिरा पडायच्या; आता आंबे कापायची जुनी सुरी वापरते. सालीला टोकाशी एकदा नख लागलं की ती चर्र आवाज करत सरळ शेवटपर्यंत उतरते. तिची कड पात्यासारखी असते, बोट कधी कापलं ते रक्त दिसल्यावरच कळतं. आत राहतो पांढरा, हलका, बोटाखाली किंचित दबणारा भेंड. या दोनच वस्तूंत सगळी गाडी होते. भेंड म्हणजे लाकूड आणि सालीची काडी म्हणजे खिळा. डिंक लागत नाही, दोरा लागत नाही. काडी भेंडात टोचली की भेंड तिला धरून ठेवतो.

मक्याच्या ताटावरही मी प्रयत्न केला. ते मुबलक मिळतं, पण भेंड फुसका निघतो. आज टोचलेली काडी चार दिवसांत डुगडुगते. बाजरीचं सरमड बारीक आणि कडक, त्यात भेंड नावालाच. ज्वारीला पर्याय मिळाला नाही.

बैल सोपा. चार पाय, धड, मान, वशिंडासाठी वर खोचलेला एक तिरपा तुकडा. बाभळीचे काटे जोडीनंच येतात, त्यामुळे शिंगांची जोडी झाडानंच जुळवून दिलेली असते. शिंगांच्या टोकांना शेंब्या हव्यात असं मनात आलं, तेव्हा जुन्या नाशकात तांबट लेनमध्ये जाऊन पितळी पत्र्याची कातरण मागितली. ठोक्यांच्या आवाजात माझं बोलणं दोनदा सांगावं लागलं. कारागिरांनी ओंजळभर कातरण पुडीत बांधून दिली आणि पैसे घेतले नाहीत. ती पुडी अजून पुरते आहे.

अवघड असतं ते चाक.

मामांनी शिवळेनंतर चाकाकडे मोर्चा वळवला. मी मधे भेंडाची चकती घेऊन तिच्यात आठ काड्या खोचल्या होत्या आणि बाहेरून सालीचं कडं फिरवलं होतं. दिसायला छान होतं, लोक हौसेनं फोटो काढायचे. मामांनी आरे मोजले. "आठ? आठ आऱ्याचं चाक आपल्या गावात नव्हतं. पाट्याला दोन आरे. सहा पाटे, बारा आरे. तुंबा बाभळीचा." मग त्यांनी माझ्याच कागदावर पेन्सिलनं चाक काढायला घेतलं. एरवी सही करताना थरथरणारा त्यांचा हात त्या वर्तुळात एकदाही अडखळला नाही. मधे तुंबा, तुंब्यातून निघालेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसलेले धनुकलीसारखे सहा पाटे, आणि सगळ्यांना बाहेरून आवळणारी लोखंडी धाव.

धाव चढवायचा दिवस मला चांगला आठवतो. सुताराचं काम संपलं की चाक लोहाराच्या दारात यायचं. पट्टी जोडून केलेलं लोखंडी कडं चाकापेक्षा मुद्दाम किंचित लहान ठेवलेलं असायचं. ते जमिनीवर आडवं टाकायचे, गोवऱ्या रचायच्या आणि पेटवून द्यायच्या. आम्हा पोरांना हाकलून लिंबाखाली बसवलेलं असायचं, तरी धग तिथवर यायची. कडं लाल झालं की तापून फुगायचं. मग तीन-चार गडी लांब सांडशांनी ते उचलायचे आणि पळत पळत चाकावर आणून टाकायचे. लाकूड पेट घ्यायचं, घणाचे घाव पडायचे, कोणीतरी ओरडायचं आणि घागरींनी पाणी पडायचं. फस्सकन वाफ उठायची, आणि त्या वाफेत चाक कडकड वाजायचं. लोखंड थंड होऊन आकसताना आरे तुंब्यात आणि पाटे एकमेकांत रुतत जायचे, त्याचा तो आवाज. मामा म्हणाले, "कडकड वाजलं नाही तर लोहाराला बोल लागायचा." एवढ्या मोठ्या चाकात एकही खिळा नसायचा. सगळं त्या आवळण्यावर उभं.

धाव हा शब्द मोटेलाही होता. बैल मोट ओढत ज्या उतारावरून विहिरीपासून लांब जायचे तीही धावच. लोखंड फिरायचं त्यालाही धाव आणि बैल फिरायचे त्यालाही. मोट ओढायचा जाड नाडा, तिच्या सोंडेचा दोर म्हणजे सोंदूर, पाणी पडायचं ते थारोळं, हे शब्द मोटेबरोबर विहिरीत गेले. विजेचा पंप आला हे फार चांगलं झालं, पहाटे तीनला मोट धरणाऱ्या माणसाला विचारा. मला मोट परत नको आहे. तिच्याबरोबर गेलेले शब्द मात्र मला हवे आहेत, आणि ते नुसते यादीत लिहून राहत नाहीत असा माझा अनुभव आहे. मी वहीत लिहून पाहिले, महिन्याभरात वही उघडायची राहून गेली. सोंदूर म्हणजे काय ते मला नीट कळलं ते बारीक सुतळी वळून, मोटेच्या सोंडेला बांधून, ती किती लांब ठेवली की सोंड नेमकी थारोळ्यात उघडते हे चार वेळा चुकल्यावर. आता तो शब्द जात नाही. तो बोटांत आहे.

म्हणून त्या दिवसानंतर मी माझ्यापुरतं ठरवलं की खऱ्या वस्तूत जो भाग आहे तो छोट्या वस्तूतही करायचा, आणि त्यानं त्याचं कामही करायचं. चाक फिरलं पाहिजे, शिवळ काढता-घालता आली पाहिजे, साटीच्या, म्हणजे गाडीच्या बैठकीच्या, कडेला खोचलेल्या उभाऱ्या उपसून बाजूला ठेवता आल्या पाहिजेत. बारा आऱ्यांच्या चाकाला मला तीन महिने लागले. भेंडाचा तुंबा बारा काड्यांनी फुटायचा. शेवटी बुडाकडच्या पेरातला घट्ट भेंड घेतला, आधी दाभणानं भोकं पाडली, आणि काड्या समोरासमोर जोडीनं बसवल्या: बारा आणि सहा, तीन आणि नऊ, घड्याळासारख्या. पाटे भेंडातून वळणदार कापले. धावेसाठी सालीची लांब पट्टी रात्रभर पाण्यात ठेवली, सकाळी चाकावर गुंडाळली, टोकं एकावर एक घेऊन दोऱ्यानं बांधली आणि सावलीत वाळवली. दोरा सोडला तेव्हा पट्टी तशीच गोल राहिली. ते पहिलं चाक मी टेबलावरून ढकललं. ते डुलत, जरासं तिरकं, टेबलाच्या कडेपर्यंत गेलं.

याच्या आधीची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती मला अजून टोचते. एका लग्नघरातून दीडशे गाड्यांची मागणी आली होती. गावाकडचं वातावरण असलेला मांडव, आणि प्रत्येक पाहुण्याला भेट म्हणून एक गाडी. वेळ तीन आठवडे. रक्कम अशी होती की नाही म्हणवेना. मी दोन मैत्रिणींना हाताशी घेतलं. हाती होता तो सगळा भेंड संपवला, काड्या टोचायला वेळ नव्हता म्हणून सगळं डिंकानं चिकटवलं, चाकं आखाला चिकटवली, वरून सोनेरी रंग मारला. गाड्या गेल्या, पैसे आले. लग्नाला मलाही बोलावलं होतं. तिथं चारेक वर्षांचा एक मुलगा गाडी घेऊन खाली बसला आणि त्यानं ती फरशीवरून ढकलली. गाडी घासत गेली. त्यानं आणखी जोर लावला, आणि चाक निखळून त्याच्या हातात आलं. तो रडला नाही. त्यानं चाक गाडीशेजारी ठेवलं आणि उठून गेला. गाडी हातात आली की ती ढकलायची हे त्या मुलाला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. मी त्याला न चालणारी गाडी दिली होती. पुढची अशी मागणी आली तेव्हा मी वर्षाला तीस गाड्या होतात एवढंच सांगितलं, आणि तेच खरं आहे.

महामार्गावरच्या हॉटेलांच्या भिंतींवर खरी चाकं टांगलेली दिसतात, वॉर्निश लावून चकचकीत केलेली. मी उतरून त्यांचे आरे मोजते. बहुतेकांना बारा असतात. तुंब्याच्या भोकात वंगणाचा काळा थर कधी कधी अजून असतो, त्याला हात लावला की बोट काळं होतं. ती चाकं कुणाच्या ना कुणाच्या बांधावरून आलेली असतात. जाळण्यापेक्षा टांगलेली बरी असं मला मनापासून वाटतं. पण जवळ उभ्या असलेल्या मुलाला "याला धाव म्हणतात, ही अशी चढवायचे" एवढं सांगणारं माणूसही त्या भिंतीजवळ हवं होतं. मी दोनदा सांगितलं आहे, अनोळखी मुलांना. दोन्ही वेळा त्यांच्या आईवडिलांनीही थांबून ऐकलं.

चौतीस गाड्या मी एका पावसाळ्यात गमावल्या. पोळ्यासाठी तयार करून खोक्यात भरून ठेवल्या होत्या. पोळ्याच्या आधी भद्रकालीच्या बाजारात मातीचे बैल मांडले जातात, ते घेऊन लोक शहरातल्या फ्लॅटमध्ये पूजा करतात. त्या बैलांच्या शेजारी ठेवायला माझी गाडी काही घरी जाते. श्रावण अमावास्येला आठवडा राहिला होता. खोकं उघडलं तर तळाशी पिठासारखा भुगा. वरून गाड्या धड दिसत होत्या, उचलायला गेलं की चिमटीत चुरा व्हायचा. बारीक तपकिरी भुंगेऱ्यांनी आतून सगळा भेंड खाल्ला होता. सालीच्या काड्या तेवढ्या तशाच उभ्या होत्या, गाडीचा सांगाडा होऊन. त्या दिवशी मी जेवले नाही.

उत्तर मिळालं हरसूलच्या आठवडे बाजारात. तिथं टोपल्या, सुपं, डालगी घेऊन एक म्हातारे बाबा बसतात. बांबूची कड वळवायची कशी हे बघायला मी त्यांच्याकडे अधूनमधून जात असे. त्यांना खोक्याची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "ताई, किडा लाकूड नाही खात, गोड खातो." बांबू ते पावसाळा सरल्यावर, थंडीत, अंधाऱ्या पंधरवड्यात तोडतात आणि ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवतात, म्हणजे आतला गोडवा निघून जातो. माझ्या लक्षात आलं की मी ताटं हिरवट असतानाच आणली होती. तेव्हा भेंड पांढराशुभ्र आणि मऊ असतो, कापायला सुख वाटतं. चावून पाहिलं तर उसासारखा गोड. त्या गोडव्यावरच किडा आला. भेंड पाण्यात बुडवता येत नाही, तो कुजतो. म्हणून मी उलटी वाट धरली. कणसं पक्की भरून ताट शेतात उभ्यानं वाळेपर्यंत थांबायचं. आणल्यावर आठ दिवस सावलीत आणि मग दोन दिवस कडक उन्हात. ठेवताना लिंबाचा पाला. भेंड थोडा पिवळसर मिळतो आणि सुरीला त्रास देतो, पण त्यानंतर खोक्यात भुगा पडला नाही.

पण ताट उभं वाळायला मुळात ज्वारी पेरलेली हवी. आजोळच्या शिवारात आता कांदा, मका, सोयाबीन. पाणी असेल तिथं टोमॅटो. कांदा लासलगावला जातो, टोमॅटो पिंपळगावला, त्यातून पोरांच्या फिया भरल्या जातात. ज्वारी काढायला माणूस मिळत नाही, बैलच नसेल तर कडबा घालायचा कुणाला? मामेभावाला मी फोन केला की बांधाच्या कडेला चार ओळी मालदांडी ज्वारी पेर, लागेल ते मी देते. तो म्हणाला, "ताई, पैशाचं सोड, पण पाखरं सोडणार नाहीत." आणि तसंच झालं. पूर्वी शिवारभर ज्वारी असायची तेव्हा पाखरांचा वाटा सगळ्यांत वाटला जायचा. आता आसपास तेवढ्याच चार ओळी, त्यामुळे सगळी पाखरं त्या चार ओळींवर. कणसांत दाणा राहिला नाही. त्याच्या बायकोनं पोरांसाठी थोडा हुरडा आधीच काढून ठेवला होता म्हणून ती चव तरी घरात गेली. ताटं मला मिळाली. पुढच्या वर्षी त्यानं न सांगता आठ ओळी पेरल्या. "चार पाखरांच्या, चार आपल्या," म्हणाला.

त्या आठ ओळींच्या ताटांची पहिली गाडी झाली ती घेऊन मी मागच्या फाल्गुनात मामांकडे गेले. शिवळा होत्या, जोती होती, बारा आरे होते, साटीला उभाऱ्या होत्या. बैलांना वेसण आणि कासरा होता. गाडी सोडल्यावर जू जमिनीवर टेकू नये म्हणून पुढं लावायचा टेकूसुद्धा केला होता. मामा ओट्यावर बसले होते. त्यांनी शिवळ काढली, बैल बाजूला घेतला, पुन्हा जुंपला. चाकाचे आरे मोजले, काही बोलले नाहीत. मग गाडी उलटी केली आणि पोटाकडे बघितलं.

"वंगणाचं नळकांडं?"

प्रत्येक गाडीच्या खाली आखाजवळ बांबूचं एक नळकांडं लोंबत असायचं. त्यात एरंडेल तेल आणि जाळलेल्या पेंढ्याची काजळी कालवून भरलेली, आणि एक काडी. लांबच्या वाटेला निघण्याआधी चाक जरा बाहेर ओढून आखाला वंगण द्यायचं. नाही दिलं तर गाडी कुईकुई करायची, आणि गाव सांगायचं की अमक्याची गाडी आली. मला ते पार विसरायला झालं होतं. कुणी गाडी उलटी करून बघेल असं मनातही आलं नव्हतं.

मामींच्या सुपात निवडायचे गहू होते, त्यात काड्याही होत्या. मी एक काडी उचलली. गव्हाची काडी पोकळ असते आणि गाठीपाशी बंद; बांबूच्या नळकांड्याचं हुबेहूब पिल्लू. गाठीच्या खालून एकदा कापलं, वरून करंगळीच्या नखाएवढं अंतर सोडून एकदा. सालीचा बारीक धागा काढून तोंडाशी बांधला आणि आखाला लटकवला. मामांनी मामींना हाक मारली आणि एरंडेलाची बाटली मागवली. काडीच्या टोकानं एक थेंब नळकांड्यात सोडला, एकेक थेंब दोन्ही तुंब्यांत. भेंडानं तेल लगेच पिऊन घेतलं, तुंबे काळपट झाले.

मग त्यांनी गाडी ओट्यावर सरळ ठेवली, बोटानं ढकलली आणि कान खाली नेऊन ऐकलं.